थायरॉईड, पीसीओएस आणि हॉर्मोन्सचे इतर आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिशियन आहे. खालचे प्रश्न ओपीडीत रोज कानावर पडतात. काही पेशंट स्वतः विचारतात, काही दाराशी थांबलेले नातेवाईक हळूच विचारतात. उत्तरं वाचून कोणी स्वतःहून गोळी सुरू किंवा बंद करू नये, एवढी विनंती आधीच करते.

हॉर्मोन म्हणजे नेमकं काय? ते कुठे तयार होतं?

शरीरातल्या काही ग्रंथी अगदी थोडंसं रसायन तयार करून थेट रक्तात सोडतात. ते रक्तातून लांबच्या अवयवापर्यंत पोचतं आणि त्याला काम सांगतं. हेच हॉर्मोन, म्हणजे संप्रेरक. मेंदूच्या तळाशी जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची पियुषिका म्हणजे पिट्युटरी, तिच्यावर लक्ष ठेवणारा हायपोथॅलॅमस, गळ्यात थायरॉईड आणि तिला मागून चिकटलेल्या चार छोट्या पॅराथायरॉईड, दोन्ही मूत्रपिंडांवर अॅड्रिनल, पोटात स्वादुपिंड, बायकांमध्ये बीजांडकोश आणि पुरुषांमध्ये वृषणं, ही त्यातली मुख्य मंडळी.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या वेढ्याकडे जाणाऱ्या नसा कापून टाकल्या आणि त्या वेढ्यात आम्ल सोडलं. नसा तुटलेल्या असूनही स्वादुपिंडातून पाचक रस यायला लागला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. या शास्त्राची सुरुवात तिथून धरतात.

रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलाय. म्हणजे थायरॉईड जास्त झालं ना?

उलट आहे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थायरॉईड ग्रंथी टी-फोर आणि थोडं टी-थ्री बनवते. टीएसएच मात्र थायरॉईडचं नाही, ते पियुषिकेचं हॉर्मोन आहे. थायरॉईडला 'काम कर' असं सांगणारं. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो ना, तसा हा कारभार चालतो: टाकीतलं पाणी उतरलं की कॉक उघडतो, पाणी भरलं की बंद होतो. रक्तातलं टी-फोर कमी पडलं की पियुषिका टीएसएच वाढवते. टी-फोर पुरेसं झालं की टीएसएच खाली येतो. म्हणून टीएसएचसमोर वरचा बाण असेल तर थायरॉईड कमी काम करतंय, आणि टीएसएच अगदी तळाला गेला असेल तर बहुतेक वेळा ते जास्त काम करतंय.

हॉर्मोनचे बहुतेक रिपोर्ट असे जोडीनेच वाचावे लागतात: ग्रंथीचं हॉर्मोन एकीकडे, तिला हुकूम देणारं हॉर्मोन दुसरीकडे. एकटा आकडा फसवतो. एक उदाहरण देते, कारण ते वेळेत ओळखलं तर जीव वाचतो. बाळंतपणात एखाद्या बाईचा फार रक्तस्राव झाला, नंतर अंगावर दूध आलं नाही, पाळीही परत सुरू झाली नाही, आणि मग वर्षानुवर्षं थकवा. तिच्या पियुषिकेलाच इजा झालेली असू शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. तिचा टीएसएच चक्क नॉर्मल दिसतो, कारण हुकूम देणारीच थकलेली असते. टी-फोर तपासलं तर ते खाली सापडतं. अशा बाईला आधी कॉर्टिसॉल, म्हणजे अॅड्रिनलचं हॉर्मोन, भरून द्यावं लागतं आणि मग थायरॉईडची गोळी. क्रम चुकला तर ती अत्यवस्थ होऊ शकते. बाळंतपणाची हकीकत विचारायला दोन मिनिटं लागतात, आणि ती विचारलीच पाहिजे.

माझं वजन वाढलंय, केस गळतात. थायरॉईडच असेल का?

असू शकतं, नसूही शकतं. थायरॉईड कमी पडलं की थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं, कोरडी कातडी, जड आवाज, पाळीला जास्त अंगावरून जाणं, चेहऱ्यावर सूज, अशी लक्षणं हळूहळू येतात. पण थायरॉईडमुळे वाढणारं वजन साधारण दोन ते चार किलोचं असतं आणि त्यातलं बरंचसं पाणी असतं. वीस किलो वाढले असतील तर सगळा दोष थायरॉईडवर टाकून चालणार नाही. गोळी सुरू करूनही वजन उतरलं नाही म्हणून निराश होणाऱ्या बायका मी पाहते, आणि मला वाईट वाटतं. त्यांना हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं.

केस गळण्यामागे कमी हिमोग्लोबिन आणि लोहाची कमतरता हेही आपल्याकडचं मोठं कारण आहे. आणखी एक: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या थांबवा. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉईडचे आकडे चुकीचे येतात.

टीएसएच ६ आलाय, त्रास काही नाही. गोळी लगेच सुरू करायची का?

बहुतेक वेळा घाई नको. टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४ धरतात, प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो. ४ ते १० च्या मधला आणि टी-फोर नॉर्मल असलेला रिपोर्ट दोन-तीन महिन्यांनी परत करून बघावा. बऱ्याच जणांचा आपोआप खाली आलेला असतो. आजारपणातून उठताना टीएसएच तात्पुरता वाढतोच. १० च्या पुढे राहिला तर उपचार करतात. टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध बनवलेली प्रथिनं, वाढलेल्या असतील तर पुढे ग्रंथी थकण्याची शक्यता जास्त, म्हणून लक्ष ठेवायचं.

सत्तर-ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांचा टीएसएच थोडा वर असणं हे वयाचंच लक्षण आहे. तो ओढूनताणून खाली आणायला गेलं तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं ठिसूळ होतात.

गरोदर असाल किंवा लवकरच मूल हवं असेल तर मात्र हा सगळा हिशोब वेगळा. त्याबद्दल पुढे.

गोळी नेमकी कशी घ्यायची? चहानंतर चालेल का?

चहाच्या आधी. सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग निदान अर्धा तास, जमलं तर एक तास, चहा-कॉफी-नाश्ता काही नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. घरोघरी चूक इथेच होते: सकाळच्या सगळ्या गोळ्या एकाच वाटीत काढून एका घोटात घेतल्या जातात. मग लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या हॉर्मोनला, आतड्यातच धरून ठेवतात, टीएसएच उतरत नाही आणि डोस विनाकारण वाढत जातो. पित्तासाठी रोज घेतलेल्या गोळ्यांनीही थायरॉक्सिन कमी शोषलं जातं.

उपवासाच्या दिवशी पाण्याबरोबर गोळी जरूर घ्या. रोजाच्या महिन्यात सहरीच्या अर्धा-एक तास आधी, किंवा रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घेता येते. एक दिवस विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवशी दोन घेतल्या तरी सहसा बिघडत नाही, फक्त हृदयविकार असेल तर आधी विचारा. या औषधाची रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण सात दिवस लागतात, म्हणून एका दिवसाने आभाळ कोसळत नाही. आणि म्हणूनच डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच परत करण्यात पैसे वाया जातात.

बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा बाथरूममध्ये ठेवू नका. उष्णता आणि दमटपणाने गोळीची ताकद कमी होते. पावसाळ्यात कोकणात हे विशेष सांभाळा. कंपनी बदलली तर दीड-दोन महिन्यांनी एकदा टीएसएच बघून घ्या.

रिपोर्ट नॉर्मल आला. आता गोळी बंद करू?

रिपोर्ट गोळीमुळे नॉर्मल आलाय. आपल्याकडे थायरॉईड कमी पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून नाव हाशिमोतो. त्यात ग्रंथी सहसा पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून गोळी बहुतेकांना कायमची लागते. ही गोळी म्हणजे शरीराला जे कमी पडतंय तेच हॉर्मोन आहे. योग्य मात्रेत त्याची सवय लागत नाही, किडनीही खराब होत नाही. काही जणांना मात्र खरोखर थांबवता येते: बाळंतपणानंतर काही महिने बिघडलेली थायरॉईड, विषाणूच्या तापानंतर सुजलेली थायरॉईड, किंवा मुळात गरज नसताना सुरू झालेली गोळी. हे डॉक्टर डोस कमी करत, टीएसएच बघत ठरवतात.

कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद का? सैंधव मीठ चांगलं ना?

शिजवलेला कोबी-फ्लॉवर खुशाल खा. सोयाबीन गोळीपासून लांब ठेवा, एवढंच.

मिठाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. थायरॉईडचं हॉर्मोन बनायला आयोडीन लागतंच. मोठ्या माणसाला रोज साधारण १५० मायक्रोग्रॅम. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या अभ्यासाने दाखवून दिलं की मिठातून आयोडीन दिलं की गलगंड कमी होतो. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. एवढ्या मेहनतीने मिळवलेली ही गोष्ट आपण फॅशनपायी घालवू नये. सैंधव, गुलाबी मीठ आणि सुट्ट्या खडे मिठात पुरेसं आयोडीन असेल याची खात्री नसते. उपवासाला सैंधव वापरा, रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्तच. गरोदर बाई असलेल्या घरात तर नक्कीच.

मी थायरॉईडची गोळी घेते आणि दिवस राहिलेत. काय करू?

गोळी थांबवायची नाही. उलट बहुतेकींना डोस २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉईड जवळजवळ काहीच बनवत नाही. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं हॉर्मोन आईच्या रक्तातून जातं. म्हणून मूल हवं असं ठरवलं की आधीच टीएसएच २.५ च्या खाली आणून ठेवावा, आणि पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की सोनोग्राफीची तारीख न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावं. पहिले पाच महिने साधारण दर चार आठवड्यांनी तपासणी. बाळंतपणानंतर डोस सहसा जुन्यावर येतो. अंगावर पाजताना ही गोळी सुरक्षित आहे.

आणि बाळाची चाचणी? जन्मल्यावर नाळेच्या रक्तातून, किंवा दोन-तीन दिवसांनी टाचेला टोचून घेतलेल्या थेंबातून बाळाचा टीएसएच बघतात. भारतात साधारण हजार बाळांमागे एकाची थायरॉईड जन्मतःच नीट काम करत नाही. दिसायला बाळ अगदी छान असतं, रडतं, पितं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखं शिकतं, वाढतं. महिने निघून गेले तर बुद्धीचं नुकसान भरून येत नाही. ही चाचणी अजून सगळ्या ठिकाणी आपोआप होत नाही. डिस्चार्जच्या आधी तोंडाने मागा. आजीने मागावी, बाबांनी मागावी, पण मागावी.

माझं थायरॉईड 'जास्त' आहे. ऑपरेशन लागेल का?

छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, भूक असूनही वजन उतरणं, झोप उडणं, कधी डोळे बाहेर आल्यासारखे दिसणं ही त्याची लक्षणं. नेहमीचं कारण ग्रेव्हज् डिसीज, ज्यात प्रतिकारशक्तीच थायरॉईडला जास्त काम करायला लावते. आधी बहुधा कार्बिमॅझोल हे थायरॉईडचं काम कमी करणारं औषध देतात, साधारण वर्ष-दीड वर्ष. हे औषध घेताना ताप आणि घसादुखी आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा. क्वचित त्या धोकादायक पातळीवर उतरतात.

औषध थांबवल्यावर आजार उलटला तर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया. आयोडीनचं नाव ऐकून लोक घाबरतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉईडच्या पेशंटांसाठी काम करतंय. हा उपचार आपल्याकडे नवा नाही. गरोदर आणि स्तनदा मातांना तो देत नाहीत. नंतर बहुतेकांची ग्रंथी थंडावते आणि रोजची थायरॉक्सिनची गोळी लागते, हे आधी समजून घ्या.

गळ्याला गाठ लागते. कॅन्सर असेल का?

पेशंटला उजेडाकडे तोंड करून बसवते, हनुवटी किंचित वर, हातात पाण्याचा ग्लास. घोट गिळताना गाठ वर सरकली तर ती बहुधा थायरॉईडची. आरशासमोर तुम्हालाही हे बघता येईल. थायरॉईडच्या दहातल्या नऊहून जास्त गाठी साध्या असतात. सोनोग्राफी आणि गरज पडली तर बारीक सुईची तपासणी. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. आवाज बसला असेल, गाठ भराभर वाढत असेल किंवा गिळायला त्रास होत असेल तर थांबू नका.

मुलीला पीसीओडी सांगितलंय. सोनोग्राफीत 'गाठी' आहेत. ऑपरेशन?

नाही. पीसीओडी म्हणा किंवा पीसीओएस, आजार तोच, आणि त्या गाठी नसतात. बीजांडकोशात अर्धवट वाढून थांबलेल्या, २ ते ९ मिलिमीटरच्या बीजपुटिका असतात. काढण्यासारखं त्यात काही नाही.

निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हॉर्मोन जास्त असल्याची लक्षणं, म्हणजे हनुवटीवर राठ केस, न जाणारी मुरुमं, किंवा रक्तातली वाढ, आणि सोनोग्राफीतलं चित्र. त्याआधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हॉर्मोन, तपासून बाजूला काढावं लागतं. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून निदान करूच नये, कारण त्या वयात तसं चित्र पुष्कळ निरोगी मुलींचंही असतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची पाळी पहिली दोन-तीन वर्षं मागेपुढे होते. तिच्या हातात सोनोग्राफीचा कागद आणि डोक्यात 'मला मूल होणार नाही' ही भीती, असं चित्र मी फार वेळा पाहिलंय. कृपा करून मुलीवर तो शिक्का मारायची घाई करू नका.

निदान पक्कं असेल तर मुळाशी बऱ्याचदा इन्सुलिनला शरीराने दाद न देणं असतं. मानेच्या मागची काळपट, जाडसर कातडी ही त्याची खूण; घासून ती जात नाही, मुलीला त्यावरून बोलू नका. वजन जास्त असेल तर पाच टक्क्यांनी उतरलं तरी पाळी सुधारायला लागते, म्हणजे ७० किलोच्या मुलीचे साडेतीन किलो. बारीक मुलींनाही हा त्रास असतो, त्यांना उपाशी ठेवू नका. तीन-तीन महिने पाळी न येणं अंगावर काढू नये. गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून पाळी आणणाऱ्या गोळ्या देतात. साखर तपासत राहा. मन उदास राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तो आजाराचाच भाग आहे.

'लग्न झालं की बरं होईल' याला काही आधार नाही. मूल मात्र बहुतेकींना होतं, कधी साध्या गोळ्यांच्या मदतीने.

गरोदर नसताना दूध येतंय. हे काय?

प्रोलॅक्टिन वाढलेलं असू शकतं. मेंदूचा एमआरआय करायच्या आधी घरातली औषधं बघा. पित्ताच्या कित्येक कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड असतं आणि त्यांनी प्रोलॅक्टिन चढतं. थायरॉईड कमी असेल तरीही चढतं. गरोदरपणाची चाचणी करूनच पुढे जायचं.

मी बारीक आहे, तरी मधुमेह कसा?

मधुमेह हाही हॉर्मोनचाच आजार, इन्सुलिनचा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. आपली चरबी पोटाच्या आत साठते, वजनकाट्याला ती कळत नाही. पुण्याजवळच्या गावांमध्ये याज्ञिकांच्या गटाने दाखवलं की आपली कमी वजनाची बाळंसुद्धा जन्मतःच तुलनेने जास्त चरबी घेऊन येतात. म्हणून कमरेचा घेर मोजा, आणि घरात कोणाला मधुमेह असेल तर तिशीपासून साखर तपासा. उपाशीपोटी १२६ किंवा त्यावर, किंवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.५ किंवा त्यावर म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून पक्कं करतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना तो आहे.

गुडघेदुखीची पुडी घेतल्यावर खूप बरं वाटतं. त्यात काय असतं?

बऱ्याच वेळा स्टिरॉइड. कागदात गुंडाळलेली, नाव नसलेली बारीक पांढरी गोळी किंवा भुकटी. दोन दिवसांत दुखणं गायब, भूक लागते, तरतरी येते. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय काटकुळे होतात, कातडी पातळ होऊन साध्या धक्क्याने निळी पडते, साखर आणि बीपी चढतं, जिना चढताना मांडीत जोर राहत नाही.

खरा धोका बंद करताना असतो. आपल्या अॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात, साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या ताकदीचं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की पियुषिका हुकूम देणं थांबवते आणि ग्रंथी आक्रसतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त घेतलेली पुडी एकदम थांबवली, किंवा घेत असतानाच जुलाब, ताप, ऑपरेशन असं काही आलं, की उलट्या, बीपी खाली, ग्लानी. रक्तात कॉर्टिसॉलच उरलेलं नसतं. म्हणून पुडी वाईट आहे हे कळल्यावरही ती फेकून मोकळं होऊ नका. ती घेऊन या. डोस आठवडे-महिने उतरवत नेऊ. गोरं करण्याची आणि गजकर्णाची म्हणून दुकानातून आणलेली क्रीमं यांतही कडक स्टिरॉइड असतं.

दम्याच्या पंपातलं स्टिरॉइड मात्र सुखाने घ्या. ते फुफ्फुसांपुरतं आणि अगदी थोडं असतं, आणि पंप सोडल्याने माणसं दगावतात.

मुलगा वर्गात सगळ्यात बुटका आहे. टॉनिक द्यावं?

टॉनिकने उंची वाढत नाही. वर्षातून दोनदा उंची मोजून तक्त्यावर मांडा. आई-बाबांची उंची, वाढीचा वेग आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय बघून ठरवतात. थायरॉईड, आतड्याचे आजार, ग्रोथ हॉर्मोनची कमतरता यांवर उपचार आहेत, पण हाडांची टोकं जुळायच्या आत. सोळाव्या वर्षी आणलेल्या मुलासाठी हाती फारसं काही राहत नाही.

कोणत्या डॉक्टरकडे जावं?

साधं थायरॉईड आणि मधुमेह तुमचे नेहमीचे फिजिशियन उत्तम सांभाळतात. पियुषिकेचे, अॅड्रिनलचे आजार, वाढीचे प्रश्न, वारंवार बिघडणारे आकडे यांसाठी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे एमडीनंतर डीएम केलेले. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात हा स्वतंत्र विभाग आहे. 'फुल बॉडी हॉर्मोन प्रोफाइल'ची पॅकेजेस आधी करून येऊ नका. काय तपासायचं ते लक्षणांवरून ठरतं. येताना जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून आणा, आणि घरात चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत, काढा, केसांच्या गोळ्या आणि बिननावाच्या पुड्यांसकट.